औषध म्हणून मध : श्रावस्तीपासून चीनपर्यंत



मध म्हटला की आपल्या परभणी भागात खोकल्याचे चाटण आठवते. आल्याचा रस आणि मध, तुळशीचा रस आणि मध, हेच घरोघरच्या आजीचे पहिले दवापाणी. पण या मधाला बौद्ध इतिहासातही जागा आहे, आणि ती वाट थेट चीनपर्यंत जाते. आम्ही गिरणीत राबणारी माणसं. पाळी सुटल्यावर जे वाचले, त्यातले थोडे इथे मांडतो.

विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. भगवान बुद्ध श्रावस्तीला असताना शरद ऋतूतल्या आजाराने भिक्खू बेजार झाले. प्यालेली पेजसुद्धा पोटात ठरेना. अंग पिवळे पडले, शिरा दिसू लागल्या. तेव्हा तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित (उसाची काकवी म्हणा) या पाच औषधांना परवानगी दिली. कारण काय? लोक यांना औषध मानतात, यांनी अंगाला आधार मिळतो, पण हे काही जेवण नव्हे.

पुढे राजगृहात वेगळाच प्रकार झाला. पिलिंदवच्छ स्थविरांना लोक ही औषधे भरपूर देत, ते ती आपल्या मंडळींत वाटून टाकत. त्या मंडळींनी मात्र घागरी भरल्या, पिशव्या भरून खिडक्यांना टांगल्या. सगळीकडे गळती लागली, विहारात उंदीर माजले. लोक नावे ठेवू लागले. तेव्हा नियम झाला की ही औषधे जास्तीत जास्त सात दिवस ठेवावीत. आम्हाला या नियमाचे मोल मोठे वाटते. औषध कोठीत साठवायचे नाही, आजाऱ्यापर्यंत गेले पाहिजे. ज्या समाजाची नाडी बघायलाही वैद्य हात लावत नव्हता, त्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता चीनकडे वळू. चीनला मधाचा उपयोग बौद्धांनी शिकवला असे मात्र नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेन-नोंगच्या नावावरील औषधी ग्रंथात मध वरच्या वर्गात, म्हणजे दीर्घकाळ घेता येणाऱ्या औषधांत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला वैद्य चांग चुंग-चिंग याने बद्धकोष्ठावर मध आटवून त्याची बोटभर वात करून वापरायला सांगितली. तिथे वनस्पतींची पूड मधात मळून गोळ्या वळतात. मधाने पूड बांधली जाते, कडूपणा कमी होतो, गोळी मऊ राहते. ज्येष्ठमधाचे तुकडेही तिथे मधात परततात. आपल्याकडे चरकसंहिता मध तापवू नये म्हणते, तिथे मात्र गोळीसाठी तो आटवून घेतात. दोन्ही देशांत मध औषधाचा सोबती, पण रीत निराळी.

या दोन देशांना जोडणारा एक दुवा म्हणजे चिनी भिक्खू इत्सिंग. तो इ.स. 671 मध्ये चीनहून समुद्रमार्गे निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे शिकला आणि 695 मध्ये मायदेशी राजधानीत परतला. इथल्या विहारांतले आरोग्याचे नियम आणि औषधोपचार त्याने लिहून ठेवले. त्याने मूलसर्वास्तिवादी विनयाचे चिनी भाषांतर केले, त्यात औषधांचे प्रकरणही आहे. सात दिवस ठेवायच्या औषधांत मध तिथेही आहे. श्रावस्तीच्या आजाऱ्यांसाठी झालेला नियम असा चिनी अक्षरांत गेला.

शेवटी एक गोष्ट आयाबहिणींना कळकळीने सांगायची आहे. बाळ जन्मले की त्याला मध चाटवायची रीत अजून अनेक घरांत आहे. ती सोडा. मधात कधी कधी एका जंतूचे बीज असते, ते उकळूनही मरत नाही. मोठ्यांना त्याचा त्रास होत नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करते, बाळ लुळे पडते, श्वास अडतो. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटसुद्धा नको. मधुमेह असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

परंपरा म्हणून नव्हे, पारखून घ्या, हीच तर आपल्या धम्माची शिकवण.

जय भीम! नमो बुद्धाय!