पात्रता कोणाची?

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात शिरायला पदवी लागत नव्हती. जात लागत होती. नवी कांडी धोट्यात घातली की तिचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्याच धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागावे, हे सवर्ण कामगाराला मान्य नव्हते. म्हणून जास्त मजुरीचे हे खाते अस्पृश्यांना बंद होते. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे अस्पृश्य कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि त्याची पात्रता ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. आता अधिकाऱ्याची पात्रता कागदावर आली. पण ती कोणत्या ज्ञानाने सिद्ध व्हावी?

कामगार-संबंधांच्या पदवीला कायदा हवा, अर्थशास्त्र हवे, सामुदायिक सौदाही हवा. पण धोट्याचा हा इतिहास तिथे सक्तीचा नसेल, तर पदवीधर मालक-मजुरांतला तंटा मिटवील. मजुरामजुरांतली भिंत त्याला दिसणारच नाही.