पेशीबाहेर पडणारी प्रथिने : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पाऊस लागून राहिला की चिखलदऱ्याच्या काळ्या खडकावर, अकोल्यातल्या नालीच्या काठाला, धुण्याच्या दगडापाशी निळसर-हिरवा बुळबुळीत थर धरतो. त्यातला टाचणीच्या टोकाएवढा भाग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. त्यात ऑसिलेटोरिया असेल तर आडव्या रेघांचे सरळ तंतू दिसतील. जरा थांबलात तर ते स्वतःभोवती फिरत पुढे सरकू लागतील. एखादा मध्येच थबकून उलटा निघेल. इतर अनेक जीवाणूंना पोहण्यासाठी कशाभिका असतात. सायनोबॅक्टेरियात, म्हणजे ज्यांना आपण नील-हरित शैवाल म्हणतो त्यांच्यात, त्या आढळत नाहीत. मग ते चालतात कसे, आणि कुठे थांबून थर धरायचा हे कशावरून ठरते? या अभ्यासक्षेत्राचा गाभा याच दोन प्रश्नांत आहे. दोन्हींची उत्तरे शोधताना आपण एकाच जागी पोहोचतो: पेशी कोणती प्रथिने बाहेर पाठवते?

बाहेर पाठवणे सोपे नाही. या पेशीला दोन पटले आहेत आणि त्यांच्यामध्ये पेप्टिडोग्लायकनची भिंत. प्रथिनाला हे सारे ओलांडावे लागते, म्हणून पेशीने त्यासाठी वेगवेगळ्या यंत्रणा उभारल्या आहेत. सिनेकोसिस्टिस ६८०३ या गोल पेशीत त्यांपैकी एक यंत्रणा पिलिन प्रथिनाचे बारीक धागे विणून बाहेर सोडते. धागा पृष्ठभागाला चिकटला की तो आत ओढला जातो आणि पेशी पुढे सरकते; दोर टाकून कडा चढावा तसे. विणण्याचे काम पिल-बी या प्रथिनाकडे, ओढण्याचे पिल-टीकडे. दिशा प्रकाश ठरवतो. २०१६ साली असे दिसून आले की ही इवलीशी पेशी स्वतःच भिंगाचे काम करते: समोरचा उजेड तिच्या मागच्या कडेवर एकवटतो आणि ती त्या ठिपक्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे उजेडाकडे जाते. समुद्रातल्या काही सिनेकोकोकस जाती तर कशाभिकेविना चक्क पोहतात. हे १९८५ मध्ये नोंदले गेले. त्यासाठी पेशीच्या बाह्य आवरणावरची स्विम-ए आणि स्विम-बी ही प्रथिने लागतात, पण त्यांतून गती कशी निर्माण होते यावर अजून एकमत नाही.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते सिनेकोकोकस इलाँगेटस ७९४२चे उदाहरण. प्रयोगशाळेत हा जीव द्रवात सुटासुटा वाढतो, काचेला चिकटत नाही. त्याची पिल-बीसारखी प्रथिन-निर्यातीची यंत्रणा बिघडवली, तर तोच काचेवर दाट बायोफिल्म, म्हणजे चिकट थर, धरतो. मूळ जातीच्या वाढीतला द्रव या बिघडलेल्या जातीला दिला, की थर धरणे पुन्हा थांबते. म्हणजे चिकटण्याची क्षमता पेशीत होतीच. बाहेर सोडलेले काहीतरी तिला आवरून धरत होते. हा निष्कर्ष २०१३चा. पुढे थर धरायला मदत करणारी छोटी प्रथिनेही सापडली, तीही पेशीबाहेरच जाणारी. थांबवणारा आणि बसवणारा, दोन्ही निरोप पेशीबाहेर जातात, ही गोष्ट नीट समजून घेतली तर पुढचे बरेच उलगडते.

या अभ्यासासाठी वऱ्हाडाइतकी सोयीची भूमी थोडीच असेल. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी अतिशय अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. तिथे स्पायरुलिना हे नील-हरित शैवाल वाढते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. बनारसच्या रा. ना. सिंह यांनी १९५० साली उत्तरेकडील उसर, म्हणजे क्षारयुक्त नापीक, जमिनी नील-हरित शैवालांच्या साहाय्याने सुधारण्याची कल्पना मांडली. तीच रीत आपल्या काळ्या चिकण मातीला जशीच्या तशी लागू पडेल असे मी म्हणणार नाही. पण खाऱ्या, वाळत्या मातीवर कोणते शैवाल थर धरते आणि बाहेर काय सोडून धरते, हे इथेच तपासायला हवे. अमरावतीचे विद्यापीठ १९८३चे, अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९चे; मनुष्यबळ आपल्याकडे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवातीला महागडे यंत्र लागत नाही. आगरच्या बशीत मधोमध ऑसिलेटोरियाचा पुंजका ठेवा, बशी काळ्या कागदात गुंडाळा, एका कडेला बारीक फट ठेवा आणि ती खिडकीच्या मंद उजेडाकडे करा. दुसऱ्या दिवशी कागद काढून तंतू कुठवर पोहोचले ते मोजा, आकडे वहीत लिहा, आणि मगच पुढची प्रकरणे वाचायला घ्या.