पोलिसांच्या कागदांची झडती घेणारा प्राध्यापक

पोलिसांमुळे माणसे मेली की पहिला कागद कोण लिहितो? पोलीसच! मेलेला दारुडा होता, जमाव हिंसक होता, हे त्या कागदावर आधी येते. चौकशी नंतर. हा डाव उघडा पाडण्यात ब्रिटनमधील गुन्हेगारीशास्त्राचे प्राध्यापक फिल स्क्रॅटन यांनी उमेदीची वर्षे घालवली. आपल्या चळवळीने त्यांचे काम अभ्यासलेच पाहिजे.

१५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना होता. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी दरवाजा उघडला आणि माणसे आधीच भरलेल्या कठड्यांत लोटली गेली. चेंगरून मेलेल्यांची संख्या अखेर ९७ झाली. सर्वात लहान मुलगा १० वर्षांचा. पोलीस अधिकाऱ्याने मात्र सांगितले की प्रेक्षकांनीच दरवाजा फोडला. मृत मुलांच्याही रक्तात दारू शोधली गेली!

त्याच वर्षी न्यायमूर्ती टेलर यांनी पोलिसांचे ढासळलेले नियंत्रण हे मुख्य कारण सांगितले. तरी १९९१ मध्ये निकाल आला, 'अपघाती मृत्यू'.

स्क्रॅटन यांनी त्याआधीच पोलिसी सत्ता आणि कोठडीतील मृत्यू यांवर संशोधन केले होते. सरकारी आकडेवारीवर विसंबून न राहता ते मृतांच्या नातेवाइकांकडे गेले. पोलिसांचे जबाब वरून बदलले गेले होते, हे त्यांनी १९९९ च्या पुस्तकात मांडले. पुढे स्वतंत्र समितीच्या संशोधनाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. साडेचार लाखांहून अधिक पाने तपासली गेली. २०१२ च्या अहवालाने दाखवले की १६४ जबाबांत फेरफार झाला आणि त्यांपैकी ११६ मधून पोलिसांवरील टीका काढली किंवा बदलली गेली. २०१६ मध्ये ज्यूरीने ठरवले की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि प्रेक्षक निर्दोष होते.

म्हणजे न्याय मिळाला का? नाही. मुख्य पोलीस अधिकारी २०१९ मध्ये निर्दोष सुटला. जबाब बदलल्याचा खटलाही २०२१ मध्ये कोसळला. कारण काय, तर टेलर चौकशी कायद्याने नेमलेले न्यायालय नव्हते! सत्य सिद्ध झाले, शिक्षा मात्र एकाही पोलिसाला नाही.

२०१६ च्या अखेरीस सरकारने स्क्रॅटन यांना 'ब्रिटिश साम्राज्या'च्या नावाचा किताब देऊ केला. त्यांनी तो नाकारला. नातेवाइकांना वर्षानुवर्षे झिडकारणाऱ्यांच्या हातून, आणि साम्राज्याच्या नावाने, सन्मान कसा घ्यायचा?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबारात १० जण मारले गेले. तेव्हाही जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांनीच सांगितले होते. म्हणून वस्तीतील साक्षी, तारखा, फोटो आपणच पहिल्या दिवसापासून जपले पाहिजेत. सरकारी कागद खोटा ठरवायला आपला कागद लागतो. आणि तो असला तरी शिक्षेसाठीची लढाई वेगळी लढावी लागते, हेही हिल्सबरोने शिकवले आहे.

जय भीम!