पाँपेईच्या बायकांचा हिशोब

 आजच्या गप्पांत आपण फार लांबच्या गावाला जाणार आहोत. तिकीट नको, पासपोर्ट नको, घरची कामं उरकता उरकता ऐकलंत तरी चालेल.

इटली देशात नेपल्स नावाचं मोठं बंदर आहे. तिथून लोकल गाडीनं पाऊण तासाच्या आत पाँपेई येतं. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी राखेखाली गाडलं गेलेलं हे रोमन गाव. ते पाहायला जगभरातून लोक येतात. कुणी मोठ्या घोळक्यानं फिरतात, कुणी एका दिवसापुरता स्वतःचा गाइड ठरवतात. स्वतःचा गाइड असला की एक बरं असतं. कुठं थांबायचं आणि काय विचारायचं हे आपण ठरवतो. आज रेडिओ हाच आपला गाइड. आपण त्याला सांगू, बाबा, राजे आणि सेनापती दुसऱ्यांना दाखव. आम्हाला इथल्या बायका दाखव. त्यांच्या हातात पैसा होता का? घर कुणाच्या नावावर होतं? अडीनडीला कर्ज कुठून मिळायचं?

आधी गावाची ओळख करून घेऊ. पाँपेई म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं, दहा-बारा हजार वस्तीचं गाव. पाठीशी व्हेसुव्हियस डोंगर, त्याच्या उतारावर द्राक्षाचे मळे. इ.स. ६२ च्या सुमाराला तिथं मोठा भूकंप झाला. पडझडीची दुरुस्ती अजून चालूच होती, तोवर इ.स. ७९ मध्ये डोंगर फुटला. आधी कित्येक तास हलक्या दगडांचा पाऊस पडत राहिला, छपरं कोसळली. मग तापलेल्या राखेचा लोट आला आणि मागं राहिलेल्यांचा जीव गेला. पुढं शेकडो वर्षं गाव तसंच गाडलेलं राहिलं. १७४८ साली तिथं खोदकाम सुरू झालं, आणि आजही गावाचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीखालीच आहे.

हे झालं दुःखाचं. पण त्या राखेनं एक गोष्ट सांभाळून ठेवली. गावातल्या भिंतींवर लोकांनी जे जे लिहिलं होतं, ते टिकलं. निवडणुकीची आवाहनं, भाड्याच्या जाहिराती, उधारीचे आकडे, सगळं. आपण तेच वाचत वाचत जाणार आहोत.

समुद्राकडच्या वेशीतून आत गेलं की थोड्याच अंतरावर गावाचा मोठा चौक लागतो. देवळं, कचेऱ्या, बाजार सगळं या चौकाभोवती. त्याच्या एका बाजूला भलीमोठी इमारत आहे. दारावरच्या लेखात ती बांधणारीचं नाव कोरलंय, युमाकिया. ही बाई गावची सार्वजनिक पुजारीण होती. तिनं स्वतःच्या आणि मुलाच्या नावानं, स्वतःच्या खर्चानं ही इमारत बांधली. कापड धुऊन स्वच्छ करणाऱ्या कारागिरांनी तिचा संगमरवरी पुतळा तिथं उभा केला. गावच्या मुख्य चौकातली ही एवढी मोठी वास्तू एका बाईची.

इथं कायद्याचं थोडं समजून घेऊ. रोमन बाईला मत नव्हतं, गावकारभारात पद नव्हतं. मालमत्ता मात्र तिच्या नावावर असू शकत होती. तरी मोठे व्यवहार करताना तिला पालक म्हणून एका पुरुषाची संमती लागायची. ऑगस्टस बादशहाच्या काळात एक सवलत आली. स्वतंत्र जन्मलेल्या बाईला तीन लेकरं झाली, किंवा गुलामीतून सुटलेल्या बाईला चार झाली, की या पालकाच्या संमतीतून ती मोकळी. म्हणजे स्वतःच्या पैशावर स्वतः सही करायची, तर आधी बाळंतपणं मोजून दाखवायची!

चौकातून एक लांब सरळ रस्ता पूर्वेला जातो. फरशीत गाड्यांच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्यात. पाणी, घाण ओलांडायला मधेमधे उंच दगड ठेवलेत. दोन्ही बाजूंनी दुकानं. या रस्त्यावर एक खाणावळ आहे. ओट्यात मोठमोठे रांजण बसवलेत. शेजारच्या भिंतीवर निवडणुकीची आवाहनं रंगवली आहेत, अमक्याला निवडून द्या म्हणून. खाली नावं आहेत बायकांची. असेलिना, झ्मिरिना, एग्ले. मत द्यायचा हक्क नसलेल्या बायका आपल्या दुकानाच्या भिंतीवर नाव घालून सांगत होत्या, आमचं म्हणणं हे आहे.

याच रस्त्यानं आणखी पुढं गेलं की ज्युलिया फेलिक्स या बाईचा मोठा वाडा लागतो. भूकंपानंतर तिनं वाड्याचे भाग भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि बाहेरच्या भिंतीवर जाहिरात लिहून घेतली. नीटनेटकं स्नानगृह, दुकानं, माडीवरच्या खोल्या भाड्यानं देणे आहे, मुदत पाच वर्षं, येत्या ऑगस्टपासून, असा तिचा मतलब. काय देणार, किती मुदतीनं आणि कधीपासून, सगळं स्वच्छ. आपल्या गटाच्या ठरावात असतं तसं.

आता जी भिंत पाहायची ती आम्हा बचत गटवाल्यांना सगळ्यांत जवळची. पाँपेईत फाउस्टिला नावाची एक बाई व्याजानं पैसे द्यायची. तिचं नाव एकाहून जास्त भिंतींवर सापडलं आहे. एका ठिकाणी कुणीतरी टिपून ठेवलंय की १५ जुलैला कानातले फाउस्टिलाकडं गहाण ठेवले, आणि दोन दिनारांमागं तिनं एक आस व्याज कापलं. दिनार म्हणजे त्यांचं चांदीचं नाणं, आस म्हणजे छोटं नाणं. गंमत बघा, एका दिनाराचे सोळा आस व्हायचे, आपल्या जुन्या रुपयाचे सोळा आणे व्हायचे तसे. म्हणजे दोन रुपयांना एक आणा व्याज. शेकड्याला तीन रुपयांच्या थोडं वर. दुसऱ्या भिंतीवर पंधरा दिनारांना आठ आस व्याज लिहिलंय. तिथंच वेट्टिया नावाच्या दुसरीचा हिशोब आहे, वीस दिनारांना बारा आस. म्हणजे शेकडा पावणेचार.

रोमन लोक व्याज महिन्याच्या बोलीनं मोजत. त्यांच्या कायद्यात महिन्याला शेकडा एक, म्हणजे वर्षाला बारा, ही वरची मर्यादा होती. फाउस्टिलाचं व्याज महिन्याचं धरलं, तर ती मर्यादेच्या तिपटीनं वसूल करत होती.

कानातले गहाण टाकायचे म्हणजे काय, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पेरणी, दवाखाना, मुलीची फी, कारण कोणतंही असो, आधी कानातलं उतरतं. समोर पैसे देणारी बाई आहे म्हणून व्याज हलकं होत नाही, हेही ती भिंत सांगते. सावकारी बाईची असली तरी सावकारीच.

यापुढची गोष्ट त्याहून जड आहे. १८८७ साली एका खाजगी स्नानगृहाच्या भट्टीच्या जागेत चांदीची भांडी सापडली आणि त्यांच्यासोबत मेण लावलेल्या लाकडी पाट्या. त्या काळी करारपत्रं अशा पाट्यांवर लिहीत. हा करार इ.स. ६१ मधला, दोन बायकांमधला. पोपिया नोटे ही कर्ज घेणारी आणि दिसिदिया मार्गारिस ही देणारी. तारण म्हणून पोपियानं दोन गुलाम लिहून दिले. पैसे वेळेत फिटले नाहीत तर त्यांना विकून वसूल करायचं, अशी अट. आता ऐका, ही पोपिया स्वतः आधी गुलाम होती. गुलामीतून सुटलेली बाई, आणि कर्जासाठी तिनं तारण ठेवली ती दोन माणसं.

तिला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपण हे ध्यानात ठेवू की पाँपेईतला बराचसा पैसा असाच उभा होता. युमाकियाची भव्य इमारत पाहताना तिच्या घरचं सूत कोण कातत होतं, हे विचारायलाच हवं. सूत कातणाऱ्यांचीही एक भिंत या गावात आहे. एका घरात बायकांच्या नावांची यादी खरडलेली सापडली आहे. विटालिस, फ्लोरेंटिना, अमारिलिस, डोरिस आणि आणखी काही. प्रत्येकीच्या नावापुढं तिला कातायला दिलेल्या लोकरीचं माप. मजुरी लिहिलेली नाही, काम तेवढं लिहिलंय. युमाकियाचं नाव दगडात कोरलेलं, आणि यांचं काम मोजण्यापुरतं खरडलेलं.

गाइडसोबतचे घोळके जिथं हमखास थांबतात आणि हसतात, असं एक घर गावात आहे, वेश्यावस्तीचं. तिथल्या बायका बहुतेक करून गुलाम होत्या. त्यांच्या देहाची किंमत भिंतींवर दोन-दोन आस अशी लिहिलेली सापडते. आपण तिथं हसणार नाही. २०२३ साली एक बेकरी उजेडात आली. तिच्या खिडक्यांना लोखंडी गज, बाहेर जायला सरळ वाट नाही. आत डोळे बांधलेली गाढवं आणि गुलाम माणसं मिळून धान्य दळत होती. पाँपेईची पाव पाहून लोक कौतुक करतात, आठ फाकी पाडलेल्या गोल, जळून कोळसा झालेल्या. त्या पावाचं पीठ असंही दळलं जायचं.

आता राखेत मेलेल्या माणसांच्या आकृत्यांबद्दल. राख घट्ट झाली, आतलं शरीर झिजून गेलं आणि पोकळी उरली. त्या पोकळीत प्लास्टर ओतून माणसाचा आकार मिळवायची रीत १८६३ साली जुझेप्पे फियोरेल्ली यांनी बसवली. एका घरात सोन्याची जाड बांगडी घातलेली आकृती आणि जवळ लेकरू मिळालं. सगळ्यांनी म्हटलं, ही आई. वर्षानुवर्षं असंच सांगितलं गेलं. २०२४ साली डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले. ती व्यक्ती पुरुष होती आणि त्या लेकराशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. बांगडी दिसली की बाई आणि लेकरू दिसलं की आई, असं ठरवून टाकायची सवय जगभर सारखीच आहे.

दुपारी नेपल्सला परत येऊ आणि तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात जाऊ. पाँपेईचा पुष्कळसा ऐवज इथं ठेवला आहे. त्यात हस्तिदंताची एक छोटी मूर्ती आहे, वीतभरापेक्षा थोडी उंच. अंगभर दागिने घातलेली स्त्री, दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका. ती पाहिली की वाटतं, ही तर आपल्याकडची! आहेच आपल्याकडची. १९३८ साली, आपण चाललो त्याच लांब रस्त्यावरच्या एका घरात ती सापडली. तिला पाँपेईची लक्ष्मी म्हणतात, काही अभ्यासक यक्षी मानतात. तिच्या घडणीशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात मिळाल्या आहेत, एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. तेरचं जुनं नाव तगर. त्या काळच्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात तगर आणि पैठण दोन्ही गावांची नावं आहेत. इथून कापड गाड्यांत भरून आडवाटांनी भडोच बंदराला जायचं आणि पुढं जहाजानं रोमन मुलखात.

रोममधला विद्वान थोरला प्लिनी या व्यापारावर चिडलेला होता. हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून दरसाल दहा कोटी नाणी ओढून नेतात, असं त्यानं लिहिलं, आणि दोष लावला तो चैनीला आणि बायकांना. हाच प्लिनी व्हेसुव्हियस फुटल्यावर जहाजं घेऊन लोकांना वाचवायला गेला आणि तिथंच मेला. माणूस धीराचा होता यात शंका नाही. पण साम्राज्याचा पैसा कुठं जातो याचा हिशोब मांडताना त्यालाही बोट दाखवायला बाईच सापडली. फाउस्टिलाकडं कानातले गहाण ठेवून गेलेलं घर त्याच्या हिशोबात कुठंच नाही.

असा हा एका दिवसाचा फेरा. पाँपेईच्या ज्या बायकांचा पैसा, घर, देणंघेणं लिहून ठेवलं गेलं, त्या आज आपल्याला नावानिशी भेटल्या. ज्यांचं काही लिहिलंच गेलं नाही, त्या राखेत तशाच राहिल्या. म्हणून गटाचं रजिस्टर म्हणजे बँकेला दाखवायचा कागद, एवढंच समजू नका. कुणी किती बचत केली, कुणाला कशासाठी कर्ज दिलं, हप्ता कधी फिटला, हे आपल्या हातानं आणि आपल्या सहीनं लिहिलेलं असू द्या. आणि लिहिताना फाउस्टिलाची भिंत आठवा. आपलं व्याज आपणच बैठकीत ठरवतो आणि ते आपल्याच गटात परत येतं. पण गटातून उचललेले पैसे बाहेर चढ्या व्याजानं कुणी फिरवत असेल, तर ते बोललं पाहिजे.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्न घ्या. आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीच्या पावतीवर आहे? आणि आपल्या गावात अशी कोण बाई आहे, जिचं काम सगळ्यांना चालतं पण जिचं नाव कोणत्याच वहीत नाही? ऊसतोडीला जाणारी असेल, वीटभट्टीवरची असेल, एकटी राहणारी असेल. तिला बैठकीला बोलवा. वहीत एक ओळ तिच्यासाठी मोकळी ठेवा.

भेटू पुढच्या गप्पांत. नमस्कार.