अतनूरच्या पुढे सरकेना: ३१ जुलैचा घटनाक्रम

जळकोट, सोमवार, ३१ जुलै २०२३. एक रुपयात पीक विमा भरायचा खरिपाचा शेवटचा दिवस. फॉर्म भरायचं सरकारी पोर्टल वेगळं. ही गोष्ट त्याची नाही. फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रचालकांसाठी एका खासगी माणसाने बनवलेल्या यादीच्या पानाची आहे: कुणाचा फॉर्म भरला, कुणाचा राहिला. नावं वगळली आहेत, आकडे हिशेबाला सोपे केले आहेत. गावं ४०, गावामागे शेतकरी १५०.

सकाळी ९.१० (कोसळायला साडेपाच तास)
पहिला फोन. "ओ भाऊ, नुसतं अतनूरच दिसायलंय. बाकीचा तालुका कुठं गेला?"

१०.१० (साडेचार तास)
कोड उघडला. लूपमध्ये लूप, त्यात आणखी एक: गावं, गावातले शेतकरी, शेतकऱ्याची पिकं. गावांच्या क्वेरीचं उत्तर 'रिझल्ट' या नावात ठेवलेलं, आणि आत शेतकऱ्यांच्या क्वेरीचं उत्तरही त्याच 'रिझल्ट'मध्ये. यादीतल्या पहिल्या गावाचे, अतनूरचे दीडशे संपले, बाहेरच्या लूपने पुढचं गाव मागितलं, तर हाती आलं ते शेतकऱ्यांचं संपलेलं उत्तर. लूपने समजून घेतलं, गावं संपली. एरर नाही, वॉर्निंग नाही. पीएचपीच्या दृष्टीने सगळं रीतसर झालं होतं.

११.१० (साडेतीन तास)
आतल्याचं नाव 'रिझल्ट२' केलं. चाचणीच्या डेटावर पान चकाचक. लगेच लाइव्ह टाकलं.

इथेच घात झाला. सकाळची चूक सर्व्हरला वाचवत होती. तोवर एका पानामागे १५२ क्वेऱ्या जात होत्या: एक गावांची, एक अतनूरच्या शेतकऱ्यांची, दीडशे पिकांच्या. आता १ + ४० + ६००० म्हणजे ६०४१. एका क्वेरीला २ मिलीसेकंद धरले, तरी पाव-अर्ध्या सेकंदाचं पान १२ सेकंदांवर गेलं. चाचणीत गावं दोन आणि शेतकरी तीन-तीन. तिथे क्वेऱ्या झाल्या ९. नऊ क्वेऱ्यांत कुणाला काय कळणार?

दुपारी १.१० (दीड तास)
केंद्रांपुढे रांगा. पान उघडेना, म्हणून जो तो रिफ्रेश मारतो. मारणाऱ्याला वाटतं, जुनं बंद होऊन नवं सुरू झालं. तसं होत नाही. ब्राउझर निघून गेल्याचं पीएचपीला बहुधा उत्तर पाठवायला घेतल्यावरच कळतं. तोवर जुनं पान आपल्या सहा हजार क्वेऱ्या निमूट चालवत राहतं आणि डेटाबेसचं एक कनेक्शन अडवून बसतं. पीएचपीला तीस सेकंदांची कालमर्यादा आहे, पण लिनक्सवर तिच्यात डेटाबेसची वाट पाहण्याचा वेळ धरला जात नाही. ही गोष्ट अनेक वर्षं पीएचपी लिहिणाऱ्यांनाही पटकन खरी वाटत नाही.

२.१०
स्लो क्वेरी लॉग पाहिला. रिकामा! मूळ सेटिंगप्रमाणे तो दहा सेकंदांपेक्षा जास्त चालणारी क्वेरीच टिपतो. इथे एकही क्वेरी संथ नव्हती.

२.४०
'टू मेनी कनेक्शन्स.' मायएसक्यूएल मूळ सेटिंगला १५१ कनेक्शनं देतं; सगळी अडकली. यादी बंद, लॉगिन बंद, पावतीचं पानही बंद.

३.००
प्रशासकासाठी मायएसक्यूएल एक जादा कनेक्शन राखून ठेवतं. त्यातून आत शिरून प्रोसेसलिस्ट काढली. ओळीमागून ओळ तोच सिलेक्ट, फक्त शेवटचा शेतकरी क्रमांक वेगळा. निदान त्या एका पडद्यावर झालं. हाच पडदा सकाळी, पान नीट चाललंय असं वाटत असताना बघायला हवा होता.

५.३०
तिन्ही टेबलं जॉइनने जोडून एकच क्वेरी, गाव आणि शेतकरी या क्रमाने लावलेली. लूप एकच, गाव बदललं की नवा मथळा छापायचा. पिकांच्या टेबलात शेतकरी क्रमांकावर इंडेक्स नव्हता, तो घातला. पान क्षणात उघडलं.

६.४५
पुन्हा फोन. "भाऊ, आता समद्यांचेच फॉर्म भरल्यात दाखवायलंय. माझ्यापुढं तर अजून माणसं हुभी हायेत."

साधा जॉइन दोन्हीकडे नोंद असेल तरच ओळ देतो. फॉर्म राहिलेल्या शेतकऱ्याची पिकांच्या टेबलात नोंदच नसते. म्हणजे यादी ज्यांच्यासाठी होती, तेच गळाले. जुना लूप संथ होता, पण या माणसांना मोकळ्या रकान्यासकट दाखवत होता.

७.१०
लेफ्ट जॉइन केला. राहिलेली नावं परत आली. पुढे मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली, आणि त्या तीन दिवसांत केंद्रचालकांनी फोन लावले ते याच नावांना.