दाढदुखी आणि वर्तनवाद

अमेरिकेतल्या वर्तनवाद्यांनी मन सरसकट नाकारले, असे मीही बरीच वर्षे समजत होतो. १९१३च्या लेखात वॉटसनने अंतर्निरीक्षण मानसशास्त्राबाहेर काढले, हे खरे. टोलमनने उंदरांच्या वर्तनावरून त्यांच्या डोक्यातल्या ‘नकाशा’चे अनुमान केले. स्किनर मात्र १९४५च्या लेखात दाढदुखीवरच येतो. दुखणे खरेच, फक्त ते एकालाच जाणवते. मग ‘दुखतंय’ हा शब्द मूल शिकते कसे? सुजलेला गाल, जबड्यावर गेलेला हात पाहून मोठी माणसे तो शिकवतात. उदासीला अशी सूज नसते. तिचे शब्द म्हणूनच ढिले. वेदना मान्य करूनही स्किनर तिला वर्तनाचे मूळ कारण मानत नाही. इथे मी अडतो. दवाखाना गाठायला लावते ती किडलेली दाढ, की ठणका?