सरकारच्या लेखी ही एसयूव्ही नाहीच

मंडळी, आज जरा गाड्यांबद्दल. पण कुठली घ्यावी, मायलेज किती, यावर नाही. ज्या गाडीला आपण हौसेनं ‘छोटी एसयूव्ही’ म्हणतो, ती आपल्या दारात आली कशी, याची ही गोष्ट. त्यात तुमच्या-माझ्या खिशाचा आणि गल्लीचा, दोन्हीचा संबंध आहे.

सुरुवात एका गमतीपासून. आपल्याकडे कराच्या नियमात एसयूव्ही कशाला म्हणायचं हे लिहिलेलं होतं : लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं, आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. या तिन्ही अटींत बसली तर एसयूव्ही. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये खाली जाऊन बघा. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ... एकही या व्याख्येत बसत नाही. सगळ्या चार मीटरच्या आत. म्हणजे मालक एसयूव्ही घेतल्याचे पेढे वाटतो आणि सरकारी कागदावर ती ‘छोटी कार’ असते. हे असं का झालं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

जीप : गाडीचं नव्हे, सत्तेचं नाव

आपल्याकडच्या उंच गाड्यांचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये आहे. अमेरिकेनं युद्धकाळात विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. याच सुमारास मुंबईत जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात झाली.

पुढची तीस-पस्तीस वर्षं खेड्यात जीप आली म्हणजे सरकार आलं. तहसीलदार, बीडीओ, फौजदार, कुटुंबनियोजनवाले आणि निवडणुकीच्या वेळी उमेदवार. धूळ उडाली की पोरं मागे धावायची. सामान्य माणूस जीप विकत घ्यायचा नाही, तो तिच्यापुढे हात जोडायचा. नंतर हीच जीप आणि तिच्या जोडीला टेम्पो ट्रॅक्स वडापला लागली. एसटी चुकली की वडाप! आत दहा, मागे लटकलेले चार, टपावर कोंबड्यांची डालगी. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात एका पिढीनं कॉलेज असंच केलं.

एक आकडा इथे लक्षात ठेवा. ती मूळ विलीज जीप फक्त ३.३३ मीटर लांब होती. १९८६ नंतरची, आपल्याला आठवते ती गोलसर मारुती ८०० सुद्धा जवळपास तेवढीच लांब आणि रुंदीला फक्त १.४४ मीटर. म्हणजे फौजदाराची गाडी आणि मास्तरांची गाडी लांबीला सारखीच होती!

सिएरा, सुमो आणि संचालक मंडळ

१९९१ साली पुण्यातून टाटांची सिएरा आली. तीन दारं, मागे मोठ्या काचा. दिसायला झकास, पण किंमत बड्यांची. १९९४ मध्ये आलेल्या सुमोनं मात्र महाराष्ट्र जिंकला. टेल्को घडवणाऱ्या सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव आलं. साखर कारखान्याचे संचालक, झेडपीचे सदस्य, वऱ्हाडी मंडळी, शिर्डीच्या ट्रिपा, सगळीकडे सुमो. २००० साली बोलेरो आणि २००२ साली नाशिकहून स्कॉर्पिओ आली. ‘साहेबांच्या मागे किती गाड्या’ यावर वजन मोजायचा काळ तो.

म्हणजे पाहा, उंच गाडीत बसणं याला आपल्याकडे आधीपासून एक अर्थ चिकटलेला होता : वरून बघणारा माणूस. मध्यमवर्गाला ती हवी होतीच, फक्त परवडत नव्हती. ती परवडण्याजोगी झाली ती एका रेघेमुळे.

२००६ : ४००० मिलिमीटरची रेघ

फेब्रुवारी २००६ चा अर्थसंकल्प. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या कारवरचा उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणला. छोटी म्हणजे कुठली? लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. कमी इंधन पिणाऱ्या लहान गाड्यांचं भारत हे केंद्र व्हावं आणि स्कूटरवर चौघं बसणाऱ्या कुटुंबाला चारचाकी मिळावी, असा विचार. हेतू वाईट नव्हता.

पण कर जिथे रेघ ओढतो, तिथे इंजिनिअर फूटपट्टी घेऊन उभा राहतो. आधी डिकीवाल्या गाड्यांवर कात्री चालली. २००८ मध्ये इंडिगोचं शेपूट छाटून इंडिगो सीएस आली. २०१२ मध्ये डिझायर छाटली गेली. त्या डिझायरची मागची बाजू बघून ‘ही डिकी कुणी चेपली’ असं लोक विचारायचे. ती बजेटनं चेपली होती!

मग उंच गाड्यांची पाळी. यातलं पहिलं पाऊल पुण्यातलं, आणि ते बहुतेक जण विसरलेत. पद्मिनीवाल्या प्रीमियर कंपनीनं २००९ च्या अखेरीस चिंचवडहून ‘रिओ’ आणली. चिनी गाडीवर बेतलेली, चार मीटरच्या आतली उंच गाडी. चालली नाही. २०१२ मध्ये महिंद्रानं झायलो कापून क्वांटो केली. तीही फारशी जमली नाही. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली, लांबी ३९९९ मिलिमीटर. एक मिलिमीटर राखून! आणि ही मात्र धावली.

का धावली? त्या काळात पेट्रोलचे भाव २०१० पासून मोकळे झाले होते आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात होते. दोन्हींत मोठी तफावत. त्यामुळे छोटं डिझेल इंजिन, उंच बैठक आणि छोट्या कारचा कर, असा तिहेरी फायदा होता. वर आपले खड्डे आणि जागोजागी बेकायदा गतिरोधक होतेच.

त्याच २०१३ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनीच मोठ्या एसयूव्हीवरचा शुल्क २७ वरून ३० टक्के केला. कारण दिलं की या गाड्या रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये जास्त जागा खातात. छोट्या कारला तेव्हा १२ टक्के होता. १७० मिलिमीटरची अट तेव्हाचीच. लगेच एक्सयूव्ही ५०० ची एक आवृत्ती जमिनीपासून १६० मिलिमीटरवर उतरवली गेली. गाडी तीच, फक्त जरा बसकी झाली आणि करातून सुटली. पुढे २०२३ मध्ये जीएसटी परिषदेला खुलासा करावा लागला की ही उंची गाडी रिकामी असताना मोजायची. माणसं बसवून गाडी दबवली आणि मग मोजली, असं चालणार नाही!

२०१६ मध्ये व्हिटारा ब्रेझा, त्याच वर्षी चार मीटरच्या आत छाटलेली बोलेरो पॉवर प्लस, २०१७ मध्ये रांजणगावहून नेक्सॉन, २०१९ मध्ये नाशिकहून एक्सयूव्ही ३०० आणि मग व्हेन्यू. २०२१ मध्ये आलेली पंच २०२४ साली देशात सगळ्यात जास्त खपलेली कार ठरली. मारुतीची चाळीस वर्षांची मक्तेदारी मोडून. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात साधारण ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यात ‘युटिलिटी’ गटातल्या गाड्या जवळपास ६५ टक्के.

यात आपल्याला अभिमान वाटावा असंही आहे, ते झाकायचं कारण नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. भारतीय कंपनीच्या गाडीला पहिल्यांदाच. जानेवारी २०२० मध्ये एक्सयूव्ही ३०० नंही ते मिळवले. मारुती ८०० च्या पत्र्यात आपण कसे फिरलो हे आठवलं की या दोन गाड्यांचं मोल कळतं. रांजणगाव आणि नाशिकच्या कामगारांचं हे श्रेय आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की रेघेनं फक्त लांबी आणि इंजिन मोजलं. रुंदी मोजली नाही, उंची नाही, वजन नाही. जे मोजलं नाही ते सगळं वाढलं. मारुती ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होतं, नेक्सॉन बाराशेच्या वर. रुंदी १.४४ वरून १.८ मीटर. आपल्या पेठांतले, गावठाणातले रस्ते मात्र होते तेवढेच. समोरासमोर दोन गाड्या आल्या की आरसे मिटवायचे आणि एकानं मागे जायचं. जागा खातात म्हणून मोठ्या गाड्यांवर कर वाढवला आणि तेवढीच रुंद गाडी सवलतीत विकली!

जपाननं हे वेगळ्या पद्धतीनं केलं. तिथल्या ‘केई’ गाड्यांना सवलत आहे, पण लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसी, अशी चारही बाजूंनी चौकट आहे. शिवाय मोठ्या शहरांत गाडी घेताना ती ठेवायला जागा आहे याचा दाखला लागतो, हा कायदा १९६२ चा. आपल्या राज्य सरकारनंही २०२५ मध्ये असा दाखला सक्तीचा करण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा केवढी ओरड झाली ते आठवत असेल.

जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, रेघ तशीच राहिली. छोट्या पेट्रोल गाडीला उपकर धरून २९ टक्के, मोठ्या एसयूव्हीला काही महिन्यांत ५० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला, आता छोटीला १८ आणि बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०. रेघ? तीच, २००६ ची. कारखान्यातून ८ लाखांना निघालेल्या गाडीवर १८ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार कर, ४० टक्क्यांनी ३ लाख २० हजार. फरक १ लाख ७६ हजारांचा. कधी कधी तो एका मिलिमीटरचाही असू शकतो. आणि ही सवलत मुळात ज्याच्यासाठी होती, तो स्कूटरवरचा चौघांचा संसार अजून बऱ्याच ठिकाणी स्कूटरवरच आहे.

घेणाऱ्यानं काय बघावं

मी कुणाला गाडी घेऊ नका म्हणत नाही. घरात म्हातारे आई-वडील असतील तर उंच सीटवर बसणं-उतरणं सोपं जातं, हे खरंच आहे. फक्त चार गोष्टी बघा.

पहिली, ‘चार मीटरच्या आत’ म्हणजे सवलत, असं डोळे झाकून समजू नका. पेट्रोल ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसी आहे. लांबी बसते, इंजिन बसत नाही, म्हणून ४० टक्के.

दुसरी, वर राज्याचा एकरकमी वाहन कर असतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३, पुढे किंमत वाढली की टक्केही वाढतात. शोरूममधला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत त्यामुळे लाख-दीड लाखांचं अंतर पडतं. ते कर्जात धरायचं की खिशातून द्यायचं हे आधी ठरवा.

तिसरी, गेटची आणि पार्किंगची रुंदी टेप लावून मोजा, आरशांसकट. लांबी सरकारनं तुमच्यासाठी मोजलेली आहेच.

चौथी, ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झालीय. सनरूफच्या आधी तिथले तारे विचारा.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी. पुढच्या वेळी सरकार ही रेघ ओढेल तेव्हा तिनं गाडीचं वजन आणि रुंदीही मोजावी. त्या करातला काही वाटा एसटीच्या आणि शहर बसच्या नव्या गाड्यांना जावा. कारण वडापला लटकणाऱ्या त्या पिढीनं आज हप्त्यावर उंच गाडी घेतली, यात तिची हौस आहेच. पण वेळेवर येणारी एसटी मिळाली असती, तर त्यातल्या कितीतरी जणांनी ते पैसे मुलीच्या शिक्षणाला नाहीतर विहिरीला लावले असते.